दिवाळीनंतर कुठे जायचं? शिरूर-दौंडच्या तरुणांसाठी भीमेच्या खोऱ्यातल्या तीन सहली

दिवाळी सरली, पहाटेचा गारठा वाढला की शिरूर आणि दौंडमध्ये मित्रांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो : यंदा कुठे जायचं? रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना जेमतेम दोन दिवसांची जोडून सुट्टी मिळते. कॉलेजच्या पोरांकडे वेळ असतो, पैसे नसतात. मग कोणी महाबळेश्वर म्हणतं, कोणी अलिबाग, कोणी गोवा. तिकडे जायला हरकत नाही. पण आपल्या गावातून वाहणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला काय आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे?

आपल्या समाजाचे प्रवास ठरलेले आहेत. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. हे अभिवादनाचे प्रवास आहेत आणि ते व्हायलाच हवेत. मात्र लाखोंच्या गर्दीत थांबून वाचायला, विचारायला सवड मिळत नाही. या तारखांच्या मधले नोव्हेंबर-डिसेंबरचे मोकळे दिवस शिकण्याच्या प्रवासासाठी वापरता येतात.

हाच काळ का?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू संघ वर्षावासासाठी एका ठिकाणी राहतो. पावसाळ्यातल्या या मुक्कामासाठीच सह्याद्रीत डोंगर कोरून विहार तयार झाले. वर्षावास संपला की भिक्खू पुन्हा चारिकेला निघत. सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर तथागतांनी साठ भिक्खूंना वेगवेगळ्या दिशांनी, बहुजनांच्या हितासाठी पाठवलं. म्हणजे पावसाळा संपल्यावर निघणं ही आपली जुनी परंपरा आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा काळ सोयीचा आहे. पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलेलं असतं, हवा स्वच्छ असते, ऊन सोसवतं.

पहिली सहल : मावळ, एक दिवस

दौंडहून रेल्वेने पुणे आणि पुण्याहून लोणावळा लोकल. शिरूरकरांनी एसटीने पुणे गाठावं. बेडसे लेण्यासाठी कामशेतला उतरावं लागतं, कार्ले आणि भाजे लेण्यांसाठी मळवलीला. बेडशाचं चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे, म्हणून ते सकाळी पाहावं. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारनंतर सूर्यप्रकाश थेट आत, स्तूपापर्यंत जातो. स्वतःची गाडी नसेल तर एका दिवसात तिन्ही लेणी उरकण्याचा हट्ट धरू नये. दोन नीट पाहावीत.

भाजे लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहांपैकी एक. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. पण खरी गोष्ट खांबांवर आणि भिंतींवर कोरलेली आहे. हे चैत्यगृह वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केलं. दाराचं काम सामी नावाच्या सुताराचं. सिंहदत्त नावाच्या अत्तरं विकणाऱ्याचंही दान तिथे नोंदलेलं आहे. यवनांनी खांब दिले आहेत. एकट्या राजाने बांधलेली ही वास्तू नव्हे. कष्टकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, परदेशातून आलेल्यांनी वर्गणी काढून उभारलेला हा विहार आहे. आपल्या वस्तीतला विहार आपण जसा उभारतो, तसाच.

परतताना त्याच लोकल मार्गावर देहूरोडला उतरावं. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथल्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराच्या जवळपास दोन वर्षं आधीची ही घटना आपल्याच जिल्ह्यात घडली आहे.

दुसरी सहल : जुन्नर, एक किंवा दोन दिवस

शिरूरकरांना हे सर्वांत जवळचं. नारायणगावमार्गे जाता येतं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी असल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. शिवनेरीवर आपण शिवजयंतीला जातो, पण त्याच डोंगराच्या पोटात लेणी आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. तुळजा लेण्यात बारा खांबांच्या मधोमध स्तूप असलेलं गोलाकार चैत्यगृह आहे. ही रचना फार दुर्मीळ.

मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. जुन्नरच्या इतर लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचं काम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. लोक या श्रेणींकडे दान गुंतवत आणि त्याच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चाले. आजच्या बचत गटाची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था.

लेण्याद्रीला सहाव्या क्रमांकाचं लेणं चैत्यगृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने ते दान दिलं. शेजारचं सातवं लेणं मुळात विहार. आज तिथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचं मंदिर आहे. रोज येणारे शेकडो भाविक शेजारच्या चैत्यगृहासमोरून पुढे जातात. तिथे घोषणा देऊन, वाद घालून काही साधत नाही. आपल्यापैकी एकाला भिंतीवरचा लेख वाचता आला आणि कोणी विचारल्यावर त्याने तो शांतपणे समजावून सांगितला, तर ऐकणारा ते विसरत नाही.

तिसरी सहल : सन्नती-कनगनहळ्ळी, तीन दिवस

मावळातली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. जुन्नरची कुकडी घोड नदीला आणि घोड पुढे भीमेला मिळते. तीच भीमा दौंडवरून सोलापूरकडे आणि पुढे कर्नाटकात जाते. कलबुर्गी जिल्ह्यात तिच्याच काठावर सन्नती आहे. तिथल्या मंदिरात मूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेल्या शिळेवर सम्राट अशोकांचे लेख सापडले. जवळच्या कनगनहळ्ळीला उत्खननात महास्तूप उजेडात आला आणि त्यात अशोकांचं नाव कोरलेलं शिल्प मिळालं. दौंडहून सोलापूरमार्गे वाडीपर्यंत थेट गाड्या आहेत. पुढे मात्र रस्त्याने जावं लागतं, तेव्हा वाहनाची आणि मुक्कामाची सोय आधीच करावी.

अजिंठा-वेरूळ ठरवत असाल तर एवढं लक्षात ठेवा : अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं.

ठिकाण कसं निवडायचं?

सुट्टी एकच दिवस असेल तर मावळ. दुचाक्यांवर किंवा एका गाडीत जाणारा गट असेल तर जुन्नर. रेल्वेने तीन दिवस काढता येणार असतील तर सन्नती. सोबत आई-वडील, आजी असतील तर पायऱ्यांचा विचार आधी करा. लेण्याद्रीला अडीचशेहून अधिक पायऱ्या आहेत. पाणी, टॉर्च आणि साधे बूट जवळ ठेवा. मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून धूर, अगरबत्ती, तीव्र सेंट टाळा.

निघण्याआधी पंधरा दिवस रोज थोडा वेळ धम्मलिपीची अक्षरं गिरवा. सगळा लेख वाचता येणार नाही. पण ‘दानं’ आणि ‘देयधम’, म्हणजे दान म्हणून दिलेली वस्तू, हे दोन शब्द ओळखता आले तरी भिंत बोलू लागते. अक्षरांवर खडू, पाणी किंवा रंग लावून फोटो काढू नका. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची भीती नसली तरी ज्या सुताराने आपलं नाव दोन हजार वर्षं टिकेल असं कोरून घेतलं, त्याच्यावर आपलं नाव खरडणं आपल्याला शोभत नाही.

आणि परत आल्यावर येत्या पौर्णिमेला विहारात अर्धा तास मागून घ्या. काय पाहिलं, कोणाची नावं वाचली, हे लहान मुलांना सांगा. पुढच्या वर्षी त्यांनाही सोबत न्या.

जय भीम. नमो बुद्धाय.