दागिन्याची पाठ

चांगली ताफ्झिम्त ओळखायची असेल तर ती उलटी करून पाहावी. ताफ्झिम्त म्हणजे अल्जीरियाच्या काबिली डोंगराळ मुलखातला गोल चांदीचा दागिना. पुढून पाहिलं तर तळहाताएवढी तबकडी, मधे फुगीर पोवळं, भोवती आणखी पोवळी आणि त्यांच्या मधल्या जागेत निळा, हिरवा, पिवळा मीना. हा थाट कुणालाही दिसतो. पण जुन्या, जीव ओतून केलेल्या नगाची पाठही मिन्याने भरलेली असते. ही बाजू कपड्याला किंवा कपाळाला चिकटून राहणार. ती पाहणार एकटी मालकीण. माझं म्हणाल तर मला पुष्कळदा ही पाठच जास्त आवडते. पोवळ्यांची गर्दी नाही, तारेची नक्षी आणि रंग एवढंच.

काबिली हे जगभर ‘बर्बर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांपैकी; हे लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात. बर्बर हे नाव बाहेरच्यांनी चिकटवलेलं. त्यांच्यात मिन्याचं चांदीकाम तीन ठिकाणी नावारूपाला आलं: मोरोक्कोत तिझनित आणि अँटी-अॅटलासचा पट्टा, ट्युनिशियात मोकनिन, आणि अल्जीरियात जुरजुरा पर्वताच्या कुशीतली आथ येन्नीची गावं. मोरोक्कोत हे काम मोठ्या प्रमाणावर यहुदी सोनारांच्या हातात होतं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते बहुतेक इस्रायलला गेले आणि हत्यारं मुसलमान कारागिरांकडे आली. आथ येन्नीत मात्र सोनार काबिलीच.

हा मुलूख तसा गरीब. ऑलिव्ह, अंजीर, चढणीवरची तुटपुंजी शेती. मग डोंगराच्या धारेवरच्या या गावांनी हातातलं कसब विकलं. बंदुका घडवल्या, दागिने घडवले आणि खोटी नाणीही पाडली. आथ येन्नीतलं आइत लार्बा हे गाव तुर्की अमलात बनावट नाण्यांसाठी कुप्रसिद्ध होतं. पुढे 1857 मध्ये फ्रेंचांनी हा डोंगर जिंकला. काबिली रूढी-कायद्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या आनोतो आणि लतूर्नो यांनी इथल्या धातुकामाची नोंद सविस्तर घेतली आहे. खोटी नाणी आणि दागिने एकाच हातून, यात मला विसंगती वाटत नाही. ज्याला चांदीत किती तांबं घातलं की ती कशी वागते हे कळतं, तो नाणंही पाडील आणि बांगडीही घडवील. कच्चा माल तर नाण्यांचाच. चांदीची खाण नव्हती. स्पॅनिश, फ्रेंच, मिळतील ती नाणी मुशीत जायची.

आता मिन्याकडे येऊ. आपल्याकडे मीना म्हटलं की जयपूर आठवतं. तिथे धातू खोदतात आणि खोलगट जागेत रंग भरतात. काबिली सोनार खोदत नाही. तो चांदीची तार ओढतो, पीळ देतो, वळवून वळवून पत्र्यावर छोटे कप्पे मांडतो आणि झाळून बसवतो. सोबत चांदीचे रवे. मग दळलेला मीना पाण्यात कालवून एकेका कप्प्यात भरायचा आणि नग भट्टीत घालायचा. खरी कसोटी इथे आहे. चांदी 961 अंशांना वितळते आणि झाळ त्याच्या आधीच. मीना पाघळून काचेसारखा पसरला पाहिजे, पण झाळ सुटता कामा नये. क्षणभर उशीर झाला तर आठवड्याची मेहनत गोळा होऊन बसते. निळा रंग कोबाल्टचा, हिरवा क्रोमियमचा. दोन्ही पारदर्शक, त्यामुळे खालची चांदी त्यांतून चमकते. पिवळा अपारदर्शक, तो ठिपक्यापुरताच. वर घासून सपाट करत नाहीत, म्हणून प्रत्येक कप्प्यातला रंग किंचित खोलगट राहतो, वाटीत थोडं पाणी उरावं तसा. पोवळं भट्टीत टिकत नाही. ते सगळ्यात शेवटी कोंदणात बसतं.

ही विद्या आली कुठून? काबिली दागिन्यांचा सखोल अभ्यास करणाऱ्या आंरिएत कां-फाब्रेर यांचा कल अंदलुसियाकडे होता. 1492 मध्ये ग्रानादा पडल्यावर मुसलमान आणि यहुदी निर्वासित समुद्र ओलांडून आले, त्यांच्याबरोबर तारेच्या कप्प्यांतला मीनाही आला असावा. पटण्यासारखं आहे.

पोवळ्याचा माग आपल्यापर्यंत पोचतो. अल्जीरियाचा पूर्व किनारा, विशेषतः एल काला, लाल पोवळ्यासाठी प्रसिद्ध. फ्रेंच व्यापाऱ्यांनी सोळाव्या शतकातच तिथे ठाणं मांडलं. भूमध्य समुद्रातलं हे पोवळं इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून अठराव्या शतकात गोव्याला येत असे आणि बदल्यात हिरे जात. एर्गास आणि सिल्व्हेरा या लिव्होर्नोच्या यहुदी पेढीचे गोव्यातले भागीदार होते सारस्वत कामत. न पाहिलेल्या माणसांशी पत्रांवर चाललेला हा व्यवहार. मंगळासाठी आपण बोटात घालतो ते पोवळं आणि काबिली नवरीच्या कपाळावरचं पोवळं एकाच समुद्रातलं असू शकतं.

मुळात हे दागिने म्हणजे टाचण्या. बायकांचं वस्त्र बिनशिवणीचं, ते खांद्यांवर अडकवायला त्रिकोणी काट्यांची जोडी लागे, मधे साखळी. (आपल्या नऊवारीने हा प्रश्न नुसत्या खोचण्यावर सोडवला.) शिवलेले झगे आले, काट्यांचं काम संपलं, थाट उरला. ताफ्झिम्तचं मात्र आणखी एक काम होतं. मुलगा झाला की आईने ती कपाळावर मिरवायची, मुलगी झाली तर छातीवर. पेढे आणि बर्फी यांच्यात फरक करणाऱ्यांनी यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. तरी एक गोष्ट बाईच्या बाजूची होती: दागिने तिची स्वतःची पुंजी, अडीअडचणीला मोडायची.

आणि ते मोडले गेले. स्वातंत्र्यलढ्याची वर्षं गेली, 1962 मध्ये स्वातंत्र्य उजाडलं, शहरांत सोन्याची हौस आली. ‘आजीची चांदी’ देऊन नातीसाठी सोनं घेण्याची घाई झाली. मग वारं फिरलं. लेखक मुलूद मामेरी आणि विचारवंत मोहम्मद आर्कून ज्या ताउरिर्त मिमून गावात जन्मले, तेही आथ येन्नीतलंच. 1980 मध्ये तिझी उझूमधलं मामेरींचं प्राचीन काबिली कवितेवरचं व्याख्यान सरकारने अडवलं, काबिली मुलूख रस्त्यावर उतरला, आणि आपल्या भाषेबरोबर आपली चांदीही अभिमानाची झाली. आता उन्हाळ्यात आथ येन्नीत दागिन्यांची जत्रा भरते. पण अल्जीरियाने 2001 मध्ये पोवळ्याच्या उपशावर बंदी घातली, तेव्हापासून ते दुर्मिळ झालं आणि चोरट्या बाजारात गेलं. मग कोंदणात लाल प्लॅस्टिक येतं. स्वस्त नगाची पाठ कोरी असते. न दिसणाऱ्या बाजूचे पैसे कोण देणार?

जुनी ताफ्झिम्त मोडायला येते तेव्हा सोनार आधी पोवळी उकरून बाजूला ठेवतो, ती पुन्हा विकता येतात. मग उरलेला नग मुशीत जातो. चांदी खाली बसते. दोन्ही बाजूंचा मीना काचेच्या मळीसारखा वर तरंगतो आणि तो काढून फेकावा लागतो.