खोगीर उतरल्यावर

रपेट असते तासाभराची. उरलेले तेवीस तास घोडा काय करतो, हे घोडेस्वारी शिकायला येणाऱ्यांपैकी फार थोडे जण विचारतात. पुण्याच्या आसपास मोकळ्या उरलेल्या जागांवर दहा-पंधरा घोड्यांचे छोटे तबेले आहेत. रविवारी सकाळी तिथे दिसतात ती हेल्मेट घातलेली मुलं, मोबाईल सरसावलेले पालक आणि रिंगणात दुडक्या चालीने फिरणारे घोडे. पण तबेला चांगला की वाईट, हे ठरतं त्या तेवीस तासांत. आणि ते समजून घ्यायचं तर घोड्याच्या पोटापासून सुरुवात करावी लागते.

मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास सावकाश चरत असतो. चारशे-पाचशे किलोच्या या जनावराचं जठर मात्र जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. गाईसारखं रवंथ करणं त्याला ठाऊक नाही. जठरात आम्ल सतत पाझरत राहतं, पोटात काही असो वा नसो. म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घमेलंभर दाणा घालून मोकळं होणारा तबेला घोड्याच्या जठराला व्रण करून ठेवतो. दाणा, म्हणजे चंदी, ही कामाच्या मानाने द्यायची. पोट भरायचं ते गवताने. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात-आठ किलो वाळलेलं गवत लागतं, आणि ते थोडं थोडं, चार-पाच वेळा विभागून दिलं तर उत्तम. पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात आणि मेहनत झाल्यावर त्याहूनही पुष्कळ.

यात हयगय झाली, चारा अचानक बदलला किंवा पाणी कमी पडलं, की पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं वरून बाहेर पडायला वाटच नसते. घोडा मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघू लागतो, पायाने जमीन उकरतो, खाली बसतो, उठतो, लोळतो. लीद बंद होते. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत खेळ संपतो. रात्री दोन वाजता ही लक्षणं कोण ओळखतं? मालक नाही, प्रशिक्षकही नाही. ओळखतो तो घोड्यांच्या शेजारी खाट टाकून झोपणारा मोतद्दार.

तबेल्याचा खरा जाणता माणूस मोतद्दार. उजाडायच्या आत तो लीद उचलतो, ओला भुसा काढून कोरडा पसरतो, मग खराऱ्याला हात घालतो. खराऱ्याने अंगावरची धूळ जाते, हे झालं वरवरचं. त्याचा हात त्या वेळी घोडाभर फिरत असतो. कुठे सूज आहे, कोणत्या पायाला ऊब जास्त लागते, खोगिराच्या तंगाखाली कातडं सोललंय का, हे त्याला बोटांनी कळतं. चारही खूर उचलून तो आतली घाण काढतो. ओलीत उभ्या राहिलेल्या घोड्याच्या तळव्याला कुजका वास येऊ लागला, तर घोडा लंगडायच्या आधीच त्याला समजलेलं असतं. एवढं जाणणाऱ्या माणसाला बहुतेक तबेल्यांत सगळ्यांत कमी पैसे मिळतात. हे चूक आहे, आणि ते घोड्यांनाही भोवतं, कारण मोतद्दार टिकत नाही आणि नवा माणूस घोडा ओळखायला वेळ घेतो.

नालबंद येतो साधारण सहा आठवड्यांनी. खूर महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो, नखासारखाच. खिळे जातात ते बाहेरच्या कठीण भिंतीत, तिथे संवेदना नसते. पण खिळा जरा आत गेला तर घोडा कित्येक दिवस कामाविना उभा राहतो.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा. आजच्या तबेल्यातही हीच दोन माणसं आहेत. काही जण महिन्याचे पैसे भरून आपला घोडा तिथे ठेवतात. बाकीचे तबेल्याच्या घोड्यांवर शिकतात. शिलेदारांचा उत्साह अनेकदा वर्षभरात ओसरतो. घोडा मात्र पंचवीस-तीस वर्षं जगतो. महिन्याच्या पैशांत दाणा-गवताचं ठरलेलं असतं; नाल, धनुर्वाताची लस, दातांची कानस, डॉक्टर हे बहुधा वेगळं. मालक यायचा बंद झाला की हा खर्च तबेल्याच्या गळ्यात पडतो.

तबेल्याचे स्वतःचे घोडे बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. दुसऱ्या वर्षीच धावू लागलेला हा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की शर्यतीतून बाद होतो. त्याला शिकवलेलं असतं फक्त सुसाट जाणं. नवख्या मुलाला पाठीवर घेऊन शांतपणे कदम चालायला त्याला पुन्हा शिकवावं लागतं, आणि त्यात महिने जातात. त्यापेक्षा आपल्या मातीतला भीमथडी घोडा मुलांसाठी बरा, असं माझं मत आहे. अंगाने लहान, काटक, डोक्याने थंड. मेंढपाळ धनगरांनी तो बिऱ्हाड वाहायला ठेवला म्हणून टिकला, आणि आता त्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यताही मिळाली आहे.

पावसाळा तबेल्याची परीक्षा घेतो. चावऱ्या माशांमार्फत सर्रा हा रोग पसरतो. त्याचा परजीवी 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी भारतीय उपखंडातच शोधला. ग्लँडर्स हा रोग त्याहून भयंकर, कारण तो माणसालाही होतो. त्याची लागण सिद्ध झाली तर घोड्याला दयामरण देणं कायद्याने भाग असतं. म्हणून नवा घोडा रक्ततपासणीशिवाय आत घेऊ नये आणि काही दिवस वेगळा बांधावा.

त्या तेवीस तासांत झोपही येते. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सर्वांना माहीत असतं. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि आजूबाजूला ओळखीचे घोडे असतील, जागा पुरेशी असेल, तरच तो निर्धास्त आडवा होतो.

तेव्हा मुलाचं नाव घालायच्या आधी एकदा भर दुपारी, न कळवता तबेल्यात जा. समोर गवत आहे का, पाण्याचं भांडं स्वच्छ आहे का, घोड्यांना बांधल्याशिवाय फिरायला मोकळी जागा आहे का, ते बघा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार नको. तिथे हे पाळतात का, ते विचारा. मोतद्दाराशी बोला. आणि मुलाला पहिला महिना खोगिरावर बसवण्याआधी खरारा करायला द्या.