जुना संगणक टाकून देण्याआधी



आमच्या वडिलांनी २००८ साली घरच्या संगणकावर आमची वंशावळ टाइप करून घेतली होती. सात पिढ्यांची नावे, कोणाची सोयरीक पैनगंगेपलीकडे वणीला झाली, कोण राजुऱ्याकडे जाऊन राहिले, सगळे त्यात होते. पुढे तो संगणक फार मंद झाला. दुकानात नेला तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले. फायली पेन ड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या, म्हणून आम्हीही निर्धास्तपणे हो म्हटले. संगणक परत आला, फाइल उघडली, तर आजोबा-पणजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे! चार महिन्यांत संगणक पुन्हा मंद झाला तो वेगळाच.

दोन्ही गोष्टी टाळता आल्या असत्या. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा संगणक किंवा मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब कपाटावर पडून आहे. तो विकण्याआधी किंवा नवा घेण्याआधी हे वाचावे, एवढ्यासाठी हा लेख.

मंद का झाला, ते आधी पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. संगणक अडखळत असताना त्यांच्याकडे पाहा.

डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुधा आत जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. तिच्यात माहिती शोधायला एक सुई तबकडीवर इकडून तिकडे जाते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे माहिती शंभरपट लवकर सापडते. जुन्या संगणकाला सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल हाच. सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेणारे यंत्र अर्ध्या मिनिटात तयार होते. दुकानदाराला जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर करायला सांगा, आणि जुनी डिस्क परत मागून घ्या. तिच्यात तुमचे सगळे कागद आहेत.

मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांवर राहत असेल तर रॅम कमी पडते आहे. ४ जीबीची ८ जीबी केली की घरगुती कामाला पुरते. मात्र डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बदलताच येत नाही. म्हणून मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा.

दोन्ही आकडे ठीक असूनही संगणक दुपारी रडतो आणि सकाळी बरा चालतो, असे होते का? मग तो तापतो आहे. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि कापसाच्या हंगामात घरात बारीक तंतू उडतात ते पंख्यात जाऊन बसतात. वर्षातून एकदा, वीज काढून, पंखा बोटाने धरून, आतली धूळ ब्लोअरने उडवा. याला पैसे लागत नाहीत.

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ हा भाग आहे. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम तिथे बंद करता येतात. आणि ‘संगणक वेगवान करून देतो’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर घेऊ नका. बहुतेकदा तीच ओझे होतात.

विंडोज १० चे काय?

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. संगणक बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आपला संगणक त्यात बसतो का, हे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप सांगते.

बसत नसेल तर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकता येते. पत्रे लिहिणे, इंटरनेट, व्हिडिओ, हिशेब यांना ती पुरेशी आहे. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा आणि आपला प्रिंटर चालतो का, ते तपासा. पटले तरच बसवा.

फॉरमॅट मारण्याआधी मराठी वाचवा

आमची वंशावळ का हरवली? कृतिदेव, श्री-लिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठवतो. फाँट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. फॉरमॅटमध्ये फाँट गेला की चेहरा गेला, खाली इंग्रजी अक्षरे उरली. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ते कोणत्याही फोनवर, कोणत्याही देशात मराठीच दिसते.

म्हणून जुना संगणक दुकानात देण्याआधी तीन कामे करा. जुनी मराठी फाइल उघडून तिची पीडीएफ करा, कारण पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. फाँटच्या फायलीही पेन ड्राइव्हवर घ्या. मग सवडीने तो मजकूर रूपांतर करणाऱ्या मोफत साधनातून युनिकोडमध्ये आणा आणि ओळ न ओळ तपासा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे इथे हमखास चुका होतात. आम्हाला तोच जुना फाँट एका नातेवाइकाच्या संगणकात सापडला आणि पणजोबा परत आले. प्रत्येकाचे नशीब असे असेलच असे नाही.

एकच कळफलक, मराठी आणि तेलुगू

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले, बेला इकडे राहिले. तेव्हापासून आपल्या जमिनीचे कागद तेलुगूत आणि लग्नपत्रिका मराठीत. घरचा संगणक दोन्ही लिहीत नसेल तर त्याचा निम्माच उपयोग.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ खाली मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा जोडा. विंडोजचे बटण आणि स्पेसबार दाबून एकीतून दुसरीत जाता येते. दोन्हींसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक निवडा. भारतीय लिप्यांसाठी तो अशा रीतीने आखला आहे की एका उच्चाराचे अक्षर सर्व लिप्यांत एकाच बटणावर येते. इंग्रजी ‘के’ च्या बटणावर मराठीत ‘क’ आणि तेलुगूतही ‘क’. वाय, एस, एन, ई ही बटणे ओळीने दाबा, मराठीत ‘बेला’ उमटेल. भाषा बदलून तीच बटणे दाबा, तेच तेलुगू लिपीत येईल. म्हणजे मुलांनी एकदा शिकले की दोन्ही भाषा हातात येतात. पंधरा दिवस रोज अर्धा तास पुरतो.

ज्येष्ठांना टायपिंग नको असेल तर जीबोर्डचा माइक आहे. गूगलचे बोलून लिहिणे २०१७ पासून मराठी आणि तेलुगूतही चालते.

टॅबला नवे काम द्या

टॅब मंद होण्याचे पहिले कारण म्हणजे भरलेली जागा. निदान १५ टक्के जागा मोकळी ठेवा. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’ मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. न वापरलेले ॲप काढा. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबलेल्या टॅबवर बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार मात्र करू नका. उन्हात किंवा उशीखाली चार्ज करू नका, आणि पाठ फुगलेली दिसली तर वापर तिथेच थांबवा.

२०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सुरू केली, तेव्हा घरातले एक तरी यंत्र धड चालणे किती गरजेचे आहे, हे आपण सर्वांनी पाहिले. ज्याला अशी कामे झेपत नाहीत, त्या टॅबलाही घरात जागा आहे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो, बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मिळतात. निजामाच्या काळातले उर्दू किंवा मोडीतले कागद आज वाचता येत नसले तरी त्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवता येतात. आणि आजीसमोर टॅब ठेवून, एअरप्लेन मोड लावून, रेकॉर्डरचे बटण दाबले की जात्यावरच्या ओव्या साठवायला सहा-सात वर्षांचा जुना टॅब भरपूर झाला.

या रविवारी एवढेच करा. जुना संगणक सुरू करा, त्यातली जुनी मराठी फाइल शोधा आणि तिची पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवा. वेग नंतरही वाढवता येतो.