कार्यालयीन मराठीतील युनिकोड स्थित्यंतर

कार्यालयीन मराठीतील युनिकोड स्थित्यंतर म्हणजे कार्यालयांतील मराठी टंकलेखन परस्परांशी न जुळणाऱ्या जुन्या फाँटांकडून युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीकडे नेण्याची प्रक्रिया होय. १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता.

पार्श्वभूमी

जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी पत्र निरर्थक चिन्हांचे दिसे. मजकुरात शोध घेणे किंवा नावे अकारविल्हे लावणेही अवघड होई. युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांना स्वतंत्र संकेतांक आहेत.

कर्मचाऱ्यांची अडचण

टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाआधी उमटवली जाते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ती उच्चारक्रमानुसार व्यंजनानंतर येते: ‘कि’साठी आधी ‘क’, मग वेलांटी. जोडाक्षरातही अर्ध्या अक्षराची वेगळी कळ नसून पूर्ण व्यंजनाला हलन्त चिन्ह जोडावे लागते. अनुभवी टंकलेखकाचे भाषाज्ञान कायम राहते. परंतु हाताची सवय मोडावी लागल्याने त्याचा वेग काही काळ घटतो. ही घट अकार्यक्षमता नव्हे.

उपाय

संकेतप्रणाली बदलणे आणि कळफलक बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक युनिकोडसाठीही उपलब्ध असल्याने जुनी सवय राखून नव्या प्रणालीत काम करता येते. नवशिक्यांना मात्र इन्स्क्रिप्ट सोयीचा ठरतो. त्यात स्वर मुख्यतः डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असतात. जुन्या फायली परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतात. तथापि रफार, वेलांट्या व जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून पाहणे आवश्यक असते. या कामी जुन्या कर्मचाऱ्यांची शुद्धलेखनाची जाण मोलाची ठरते.