महामार्ग, मोंढा आणि पांदण : आपल्या गाडीला टायर कोणते?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून लातूरकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ३६१ लोहा, अहमदपूर, चाकूर करत जातो. रस्ता चौपदरी, त्यामुळे गाडी बघता बघता शंभरचा वेग घेते. पण याच महामार्गावरून एखाद्या गावाकडे वळलं, की थोड्याच अंतरात डांबर संपतं, उघडी खडी लागते आणि पुढं काळ्या रानातली पांदण. हळद, सोयाबीन, केळी वाहणारी पिकअप एकाच दिवसात हे तिन्ही रस्ते तुडवते. शेतात जाताना ती रिकामी असते, मोंढ्याकडे येताना टनभर ओझ्याने वाकलेली असते. चैत्र-वैशाखात पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि जूननंतर तीच माती चाकांना लपेटून बसते. अशा गाडीचे टायर बदलायचे झाले की दुकानदार ‘ऑल सीझन’ म्हणून एखादा टायर पुढे करतो. आपल्याकडच्या ऋतूंना तो पुरा पडेल का, हे पाहायचं काम मात्र गाडीमालकाचं आहे.

ही ऑल सीझनची कल्पना बर्फाच्या देशातली. अमेरिकेत उन्हाळ्याचे आणि बर्फाचे असे टायरचे दोन संच ठेवायची पद्धत होती. ती कटकट मिटवायला गुडइयरने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा ऑल सीझन टायर बाजारात आणला. थंडीत, साधारण ७ अंशांच्या खाली, उन्हाळी टायरचं रबर ताठरतं आणि रस्ता नीट धरत नाही. म्हणून थंडीसाठीचं रबर मऊ ठेवतात. टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ असं लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ. ही खूण बहुतांशी नक्षीच्या रचनेवरून दिली जाते. तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चित्र असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. टोरंटो किंवा शिकागोत राहणारा आपला भाचा हेच चित्र बघून टायर घ्यायला सांगेल आणि तिथं त्याचं बरोबरच आहे. नांदेड-लातुरात त्या हिमकणासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. भर उन्हात आपलं डांबर ६० अंशांच्या आसपास तापतं. त्यावर मऊ रबर लवकर झिजतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अंतरही जास्त लागतं.

आपले तीन ऋतू वेगळे आहेत: ऊन, पाऊस आणि ओझं. ओझ्याला ऋतू म्हणतो, कारण सुगी सुरू झाली की गाडीचा स्वभावच बदलतो. टायर निवडताना मी पहिला विचार याच ओझ्याचा करीन. दुकानात सगळे नक्षी बघतात, पण बाजूवरचे आकडे फार कमी जण वाचतात.

समजा टायरवर २१५/७५ आर १५ १००एस असं लिहिलंय. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंचांची. शेवटचा १०० हा भारांक, म्हणजे तो एक टायर पुरी हवा असताना ८०० किलो पेलतो. भारांक १०४ असेल तर ९०० किलो, १०९ असेल तर १०३० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. पिकअपच्या टायरवर ‘एलटी’ किंवा ‘सी’ ही अक्षरं आणि आठ पीआर (प्लाय रेटिंग) वगैरे आकडे असतात. त्यांचा सांगाडा जाड असतो आणि त्यांत हवाही बरीच जास्त भरायची असते. एसयूव्हीचा टायर मापाला तंतोतंत बसतो, स्वस्त मिळतो, गाडीही मऊ चालते, म्हणून तो मालाच्या पिकअपला घालणारे आहेत. हे जिवावरचं काम आहे. कंपनीने दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर कुठल्याही सवलतीत घेऊ नये.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा उष्णतेने, आणि ही उष्णता नुसती उन्हाची नसते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, आणि या दुमडण्यातून रबर आतून तापतं. त्यात ओझं आणि वेग मिळाले की बाजू फाटते. ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तो उलटा आहे. चालून तापलेल्या टायरमधला दाब चार-पाच पीएसआयने वाढतो. तो हिशेब टायर बनवतानाच धरलेला असतो. तेव्हा हवा सकाळी, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. रिकाम्या आणि भरल्या गाडीचे मागचे आकडे वेगळे असतील तर ते पाळावेत. तापलेल्या टायरमधली हवा सोडू नये. समृद्धी महामार्गावरच्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशावरच टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. ती तपासणी आपल्या फाटकात, निघण्यापूर्वी, आपणच केली पाहिजे.

आता चिखल. आमच्याकडची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. ओली झाली की ती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि कितीही खोल नक्षी असो, घटकाभरात टायर गुळगुळीत होतो. एमटी, म्हणजे मोठमोठ्या ठोकळ्यांचे चिखलाचे टायर, चाक वेगाने फिरल्यावर माती थोडीफार फेकतात. पण तेच टायर डांबरावर घोंघावतात, लवकर झिजतात, डिझेल जास्त खातात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी देतात. केवळ दिसायला रुबाबदार म्हणून ते घालून वर्षभर लातूर-नांदेड करणं मला पटत नाही. गाडी बहुतांश डांबरावर चालत असेल तर एचटी, म्हणजे रस्त्याचा टायर, पुरेसा आहे. आठवड्यातून काही वेळा शेतात जावं लागत असेल, खडीवरून माहूर-किनवटच्या बाजूला फिरावं लागत असेल, तर मध्यम नक्षीचा एटी घ्यावा. खडीच्या कडांनी बाजू चिरू नये म्हणून त्याची बाजू जाड असलेली बरी. आणि पाऊस पडून गेल्यावर रानाला वाफसा येईपर्यंत भरलेली पिकअप आत घालू नये. कुठल्याच टायरने ते साधत नाही.

शेतातला आणखी एक शत्रू म्हणजे तुरीची आणि पऱ्हाटीची धसकटं. काढणीनंतर तिरपी कापलेली, वाळलेली ही टोकं टायरच्या बाजूत घुसतात. बाभळीचा काटा नक्षीत घुसला तर ट्यूबलेसला पट्टी भरून भागतं, पण बाजूला गेलेलं छिद्र पट्टीने भरून महामार्गावर जाऊ नये. फुगा आलेला टायर तर त्याच दिवशी काढावा. आतले धागे तुटल्याशिवाय फुगा येत नाही.

पावसाळी पकडीसाठी टायरच्या घेराभोवती रुंद, सरळ खाचा आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेली नक्षी बघावी. खाचा पाणी बाहेर काढतात. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजलं की ती मर्यादा आली असं समजायचं. मी मात्र तीन मिलिमीटरलाच, मृगाच्या आधी, टायर बदलायला सांगेन. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगण्याचा धोका मर्यादेच्या बराच आधी सुरू होतो. जून २०२२ मध्ये केंद्राने टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांची मानकं एआयएस-१४२ या क्रमांकाने लागू केली आणि नव्या रचनेच्या टायरांना ती १ ऑक्टोबर २०२२ पासून बंधनकारक झाली. आयएसआय खूण त्याआधीपासूनच आवश्यक आहे. दोन्ही गोष्टी विक्रेत्याला विचाराव्यात.

पैशाअभावी दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत. ‘पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातचं जाईल’ म्हणून बहुतेक जण नवे पुढे घालतात. पण रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं. ओल्या वळणावर मागचे झिजलेले टायर सुटले की गाडी गरकन फिरते, आणि तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही. पुढचे घसरले तर वेग कमी करून गाडी पुन्हा ताब्यात येते.

रुंद टायरचा मोह आवरावा. २१५/७५ च्या जागी २३५/७५ घातला तर चाकाचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटरवरून ७३४ होतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशेचारच्या वर असेल. चढावर भरलेली गाडी जड होईल आणि पूर्ण वळवताना टायर मडगार्डला घासेल.

पैसे देण्यापूर्वी बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचावा. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागावा. चारही टायरचा शिक्का वेगवेगळा वाचावा, गठ्ठ्यात एखादा जुना असू शकतो. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्यावं, नवे व्हॉल्व्ह टाकावेत आणि बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. पिकअपच्या पाठीखाली लटकणारी स्टेपनीही उतरवून बघावी. तिच्यावर वर्षानुवर्षं चिखल उडालेला असतो, हवा कमी झालेली असते, रबराला भेगा पडलेल्या असतात. भेगा दिसल्या तर जुन्या चारांतला सगळ्यात चांगला टायर तिच्या जागी ठेवावा.