मोठा सोबती आला की वाढ: ‘मॅजिक’मधील इव्हॉल्व्हचा नियम

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात प्राण्याच्या प्रत्येक पत्त्यावर उजव्या कोपऱ्यात, खाली, दोन आकडे छापलेले असतात. पहिला ताकदीचा: तो प्राणी एका हल्ल्यात किती इजा करतो ते सांगणारा. दुसरा टिकावाचा: एकाच पाळीत किती इजा झाली की तो मरतो ते सांगणारा. पाळी संपली की झालेली इजा पुसली जाते आणि प्राणी पुन्हा धडधाकट होतो. कायमची वाढ दाखवायची असेल तर पत्त्यावर खूण ठेवावी लागते. खेळाडू त्यासाठी काचेचे मणी किंवा छोटे फासे वापरतात. अशा एका खुणेला ‘+१/+१ काउंटर’ म्हणतात. ती ठेवली की ताकद आणि टिकाव दोन्ही एकाने वाढतात, आणि प्राणी मैदानात असेपर्यंत ती वाढ टिकते.

गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला. वाढणारे प्राणी त्याच्या पहिल्याच संचात होते. फंगसॉर या प्राण्याला इजा झाली आणि तो त्यातून वाचला की त्याला एक काउंटर मिळे. सेंगिर व्हॅम्पायरने जखमी केलेला प्राणी त्याच पाळीत मेला की व्हॅम्पायर वाढे. दोन्हींत वाढीसाठी आधी मारामारी व्हावी लागे, आणि ती होऊ द्यायची की नाही हे बरेचसे प्रतिस्पर्ध्याच्या हाती असे. फंगसॉरला कोणी हातच लावला नाही तर तो होता तेवढाच राही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या गेटक्रॅश या संचातील इव्हॉल्व्हने ही अडचण मुळातूनच दूर केली. कल्पना इथन फ्लायशर यांची. नवे रचनाकार शोधण्यासाठी कंपनीने घेतलेल्या दुसऱ्या ‘ग्रेट डिझायनर सर्च’ स्पर्धेत त्यांनी ती मांडली, स्पर्धा जिंकली आणि ते कंपनीत रुजू झाले. गेटक्रॅशची कथा रॅव्हनिका या जगभर पसरलेल्या शहरात घडते. तिथल्या दहा संघांपैकी सिमिक कम्बाइन हा हिरव्या आणि निळ्या रंगांचा संघ जीवशास्त्रज्ञांचा. खेकडा, मासा, बेडूक, मगर यांचे गुण एकाच देहात आणायचे, हा त्यांचा उद्योग. सतत बदलणाऱ्या जिवांचा नियम त्यांच्या वाट्याला आला, हे योग्यच झाले.

नियम एका वाक्यात मावतो. आपल्या बाजूने नवा प्राणी मैदानात आला आणि त्याची ताकद किंवा टिकाव इव्हॉल्व्ह असलेल्या प्राण्यापेक्षा जास्त असला, तर त्या जुन्या प्राण्यावर एक +१/+१ काउंटर ठेवायचा. ताकदीची तुलना ताकदीशी, टिकावाची टिकावाशी. दोनपैकी एक जास्त असला तरी पुरे. दोन्ही जास्त असले तरी काउंटर मात्र एकच. फरक किती, यालाही महत्त्व नाही. एकाने मोठा आलेला प्राणी आणि दहाने मोठा आलेला प्राणी सारखीच वाढ देतात.

या शेवटच्या अटीमुळे पत्ते कोणत्या क्रमाने खेळायचे, हा खरा प्रश्न होऊन बसतो. क्लाउडफिन रॅप्टर हा एका निळ्या मानाचा (माना म्हणजे पत्ता खेळण्यासाठी मोजावी लागणारी शक्ती) उडणारा प्राणी ०/१ म्हणून येतो. एरवी असा पत्ता कोणी हातात धरणार नाही. दुसऱ्या पाळीला १/४ चा फ्रॉस्टबर्न वीअर्ड आला की रॅप्टर १/२ होतो. नंतर २/२ चा टाइडबाइंडर मेज आला, त्याची ताकद रॅप्टरपेक्षा जास्त, म्हणून रॅप्टर २/३. मग दुसरा फ्रॉस्टबर्न वीअर्ड आला. त्याची ताकद कमी आहे, पण टिकाव चार आहे, म्हणून रॅप्टर ३/४. इथून पुढे या दोघांपैकी कोणीही आला तरी काहीच होत नाही. हेच पत्ते वेगळ्या क्रमाने टाकले, म्हणजे आधी दोन्ही वीअर्ड आणि मग मेज, तर रॅप्टर १/२ आणि मग २/३ होतो, पण मेज आला तरी २/३ वरच थांबतो. एकच वीअर्ड हाती असेल तर मात्र तो आधी टाकायचा की नंतर, यापेक्षा टाइडबाइंडर मेजची गरज नेमकी केव्हा आहे, याचा विचार जास्त करावा लागतो.

वाढीला लगामही याच तुलनेतून बसतो. प्राणी जसजसा मोठा होतो, तसतसे त्याला वाढवू शकणारे सोबती कमी उरतात. वाट मोकळी सोडली की जिंकणाराच जिंकत राहतो, असा दोष वाढीच्या अनेक नियमांत असतो. इव्हॉल्व्हमध्ये तो फारसा नाही. त्यासाठी वेगळी बंदी घालावी लागली नाही. मूळ वाक्यातच मर्यादा आहे. या नियमाची सर्वांत देखणी बाजू हीच.

ताकद आणि टिकाव वेगवेगळे मोजले जात असल्याने एकांगी प्राण्यांची चंगळ होते. अॅडॅप्टिव्ह स्नॅपजॉ ६/२ आहे. सहाहून जास्त ताकदीचा सोबती मिळणे कठीण, पण टिकाव फक्त दोन असल्याने ०/३ चा एखादा मंद प्राणीही त्याला ७/३ करतो. इल्यूसिव्ह क्रेसिस ०/४ आहे आणि त्याला अडवता येत नाही. त्याला टिकावाने मागे टाकणारे थोडे, पण ताकद शून्य असल्याने १/१ चा सोबतीही कामाला येतो.

बारकावे वेळेच्या बाबतीत आहेत. इव्हॉल्व्हची तुलना दोनदा होते: नवा प्राणी येतो तेव्हा, आणि काउंटर ठेवण्याची घडी येते तेव्हा. या दोन घडींच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याला झटपट मंत्र टाकता येतो. समजा ०/१ चा रॅप्टर मैदानात आहे आणि २/२ चा प्राणी आला. प्रतिस्पर्ध्याने त्याला दोन इजेच्या विजेने मारले, तरी रॅप्टर वाढतो. इजेने प्राणी मरतो, पण त्याचा टिकाव कमी होत नाही, आणि मैदान सोडताना त्याचे जे आकडे होते तेच तुलनेत धरले जातात. त्याच प्राण्यावर −२/−२ चा मंत्र टाकला तर तो ०/० होऊन जातो, आणि मग रॅप्टरला काहीच मिळत नाही. वरवर पाहता दोन्ही वेळा नवा प्राणी मेला एवढेच दिसते, निकाल मात्र उलटा. तसेच, १/१ चे दोन प्राणी एकदम आले तर रॅप्टरची तुलना दोनदा सुरू होते. पहिल्या काउंटरने तो १/२ होतो आणि दुसरी तुलना फसते.

नवा प्राणी ‘येणे’ आवश्यक आहे. समुद्रदेवी थासा हिचा पत्ता ५/५ चा, पण मैदानात पुरेशी निळी निष्ठा, म्हणजे आपल्या पत्त्यांवरची निळ्या मानाची चिन्हे, नसेल तर ती प्राणी म्हणून येत नाही. मग रॅप्टर वाढत नाही, आणि पुढे कधी ती प्राणी झाली तरीही वाढत नाही, कारण ती आधीच आलेली असते.

काउंटर नुसते साठवायचे नसून खर्चायचेही असतात, हे रचनाकारांनी काही पत्त्यांत छान वापरले आहे. एक्स्परिमेंट वन हा १/१ चा हिरवा प्राणी दोन काउंटर देऊन मरणातून वाचतो. वाचला की तो पुन्हा लहान झालेला असतो, म्हणजे पुन्हा वाढायला मोकळा. सिमिक फ्लक्समेज आपल्यावरचा काउंटर उचलून दुसऱ्यावर ठेवतो आणि त्याच कारणाने स्वतःची भूक शाबूत राखतो. जायर सेज प्रत्येक काउंटरमागे एक हिरवा माना देते. फॅदम मेजवर काउंटर पडला की खेळाडूला एक पत्ता ओढता येतो. शॅम्बलशार्क तर प्रतिस्पर्ध्याच्या पाळीतही उतरवता येतो. त्यामुळे लढाई लागल्यावर, अडवणारे ठरल्यानंतर, बाकीचे प्राणी अचानक मोठे होतात.

कमकुवत बाजूही उघड आहे. प्राणी हातात परत पाठवला की सगळे काउंटर जातात, आणि पुन्हा खेळला की तो छापील आकड्यांवर येतो. एका स्वस्त निळ्या मंत्राने चार पाळ्यांची कमाई पुसली जाते. शिवाय −१/−१ आणि +१/+१ हे काउंटर एकाच प्राण्यावर असले तर एकमेकांना खाऊन टाकतात.

स्पर्धांमध्ये या नियमाची पारख ऑक्टोबर २०१३ मध्ये डब्लिनला झाली. प्रो टूर थेरोस जिंकणाऱ्या जेरेमी देझानी यांच्या निळ्या डेकमध्ये क्लाउडफिन रॅप्टर होता. त्या डेकचा भर निळ्या मानाच्या चिन्हांवर, आणि त्यासाठी पाळीमागून पाळी प्राणी टाकत राहणे भागच होते. रॅप्टरला वाढवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नव्हते. डेक जे करणारच होता, त्यातूनच त्याचे पोट भरत होते.

सिमिकला वाढीचे नियम याआधी आणि यानंतरही मिळाले. २००६ च्या डिसेन्शन संचातील ग्राफ्टमध्ये प्राणी ठरावीक काउंटर घेऊन येतो आणि नव्या सोबत्याला त्यातला एक देऊ शकतो. सायटोप्लास्ट रूट-किन ०/० चा, चार काउंटरवर उभा; शेवटचा काउंटर दिला तर स्वतः मरतो. २०१९ च्या रॅव्हनिका अलीजन्समधील अडॅप्टमध्ये माना मोजून वाढ विकत घेता येते, पण प्राण्यावर आधीपासून एकही +१/+१ काउंटर नसेल तरच. तिथे इन्क्युबेशन ड्रुइड एरवी एक माना देतो आणि काउंटर असला तर तीन. पाच माना भरून अडॅप्ट केले तर त्याला तीन काउंटर मिळतात. पण जुन्या फ्लक्समेजने आपला एक काउंटर त्याच्यावर ठेवला तरी तो तीन माना देऊ लागतो. मात्र तो काउंटर अंगावर असेपर्यंत अडॅप्टसाठी माना मोजून त्याला काहीही मिळत नाही.