दीर्घकाळ बंद राहिलेल्या डिझेल एंजिनाचा अनावर वेग

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जेथून भोरकडे फाटा फुटतो, तेथे कापूरहोळ हे गाव आहे. या गावाच्या उत्तरेस खडकी व दक्षिणेस सातारा अशी एकाच मार्गावरील दोन ठिकाणे महाराष्ट्रातील डिझेल एंजिनांच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात. साताऱ्यास कूपर यांचा कारखाना उभा राहिला. त्याचे संस्थापक धनजीशा कूपर हे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधानही होते. खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. या कारखान्यांतून बाहेर पडलेली लहान, एका सिलिंडरची एंजिने विहिरींच्या व ओढ्यांच्या काठी जाऊन बसली आणि मोटेची जागा पंपाने घेतली. पुढे वीज आली. एंजिनाचे काम मोटारीकडे गेले आणि एंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवले गेले. मात्र विजेचा पुरवठा ऐन पाळीच्या वेळी खंडित झाला, की तेच एंजिन दोन-चार वर्षांनी पुन्हा बाहेर काढण्यात येते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला बिघाड नेमका याच प्रसंगी उद्भवतो.

हँडल मारताच एंजिन सुरू होते आणि सुरू झाल्याचा आनंद ओसरण्यापूर्वीच त्याचा आवाज चढू लागतो. मिनिटास १५०० फेऱ्यांसाठी बांधलेले यंत्र काही सेकंदांत त्याच्या कितीतरी पुढे जाते. बंद करण्याचा दांडा ओढला तरी काही फरक पडत नाही. ही स्थिती किती धोक्याची आहे, हे साध्या गणिताने कळेल. फ्लायव्हीलचा व्यास ४० सेंटिमीटर धरला, तर १५०० फेऱ्यांस त्याची कड ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने फिरत असते. फेऱ्या दुप्पट झाल्या तर हा वेग दुप्पट होतो. परंतु कडेच्या लोखंडावर पडणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो चौपट होतो. बिडाचे फ्लायव्हील अशा ताणाने फुटले, तर त्याचे तुकडे ज्या प्रतलात चाक फिरते त्याच प्रतलात उडतात. म्हणून अशा एंजिनाजवळ जाणाऱ्याने चाकाच्या रेषेत कदापि उभे राहू नये.

हा रोग डिझेल एंजिनालाच का जडतो? पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण एकाच पडद्याने अडवले जाते. डिझेल एंजिनात हवेला असा अडथळा नसतो. दर चक्रास सिलिंडर हवेने पूर्ण भरतो, ती हवा दाबामुळे ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तीत पडणाऱ्या इंधनाच्या मात्रेवरच शक्ती अवलंबून राहते. ही मात्रा फार सूक्ष्म असते. पाच अश्वशक्तीच्या एंजिनास एका अश्वशक्ति-तासास सुमारे १९० ग्रॅम इंधन लागते असे धरले, तर पूर्ण भारावर एका वेळी सुमारे २५ घन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, फवारला जातो. पंपावर भार नसताना याचा लहानसा अंशच पुरेसा असतो. भार नाही आणि थेंब मात्र पूर्ण पडतो आहे, असे झाले तर उरलेली सर्व शक्ती वेग वाढविण्यातच खर्च होणार. ही मात्रा क्षणोक्षणी कमीजास्त करण्याचे काम गव्हर्नर करतो. फिरत्या वजनांनी वेग आवरण्याची ही युक्ती जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या एंजिनाला लावली होती. वाफेच्या यंत्राला ती सोयीची होती, डिझेल एंजिनाला तिच्यावाचून गत्यंतर नाही.

या गव्हर्नरच्या रचनेतच प्रस्तुत बिघाडाचे मूळ आहे. एंजिन स्थिर असताना गव्हर्नरची वजने मिटलेली असतात आणि स्प्रिंग इंधन-पंपाच्या दांड्याला, ज्याला मिस्त्री रॅक म्हणतात, पूर्ण इंधनाच्या बाजूस ओढून धरते. एंजिन सहज सुरू व्हावे म्हणून ही योजना असते. म्हणजे गोठ्यात पडून राहिलेले एंजिन जणू पूर्ण इंधनाच्या आज्ञेवरच झोपलेले असते. पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट दोन ते तीन सहस्रांश मिलिमीटर एवढीच असते. डिझेल वर्षानुवर्षे साचून राहिले की त्याचा चिकट थर जमतो. टाकीत दमट हवेचे पाणी उतरले की गंज धरतो. भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यात त्याला वेळ लागत नाही. अशा रीतीने रॅक जागच्या जागी धरला जातो. पुढे हँडल मारताच वजने फाकतात, पण अडकलेला रॅक त्यांना दाद देत नाही. बंद करण्याचा दांडाही त्याच रॅकला ढकलत असतो. तो निरुपयोगी का ठरतो, याचा उलगडा येथे होतो.

दुसरे कारण वंगणतेलाचे आहे. पुष्कळदा टाकीची तोटी उघडी राहते आणि उंचावरील टाकीतून डिझेल पंपाच्या झिजलेल्या दट्ट्याशेजारून महिनोन्महिने झिरपत एंजिनाच्या तळातील तेलात मिसळते. तेलाची पातळी वाढते, तेल पातळ होते, पिस्टनच्या जाम झालेल्या कड्यांवरून वर चढते आणि स्वतःच इंधन बनून जळू लागते. हवा गाळण्याच्या तेलाच्या भांड्यात खुणेपेक्षा जास्त तेल भरले, तरी तेच घडते. या प्रकारात इंधनाची वाट पूर्ण तोडली तरी एंजिन थांबत नाही.

तेव्हा दोन्ही प्रकारांत लागू पडणारा एकच खात्रीचा उपाय राहतो, तो म्हणजे हवा तोडणे. ज्या एंजिनाची शंका आहे, ते प्रथम सुरू करताना हवेचा फिल्टर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड, सपाट फळी हाताशी ठेवावी. फडके किंवा तळहात लावू नये. फडके आत ओढले जाते आणि हाताला इजा होते. फिल्टर जागेवर असताना त्याचे तोंड दाबले, तर त्यातील तेलच आत खेचले जाण्याचा संभव असतो, ही गोष्ट अनुभवी मिस्त्रीही कधी कधी विसरतात. डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलूनही लहान एंजिन थांबते. रोज तसे करणे झडपांना अपायकारक आहे, पण अशा वेळी झडपांची चिंता करण्यात अर्थ नाही. चालू एंजिनाच्या नोझलची नळी सोडवू पाहणे मात्र टाळावे. तेथे दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपास दाब असतो आणि तशी धार कातडीतून आत शिरते.

पंपाचा पट्टा पाडणे ही तर घोडचूक होय. पाणी उचलणाऱ्या पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून भरलेला पंप हाच त्या क्षणी एंजिनाचा लगाम असतो. बंद राहिलेल्या संचात फूट व्हॉल्व्हचे चामडे सुकून गेलेले असते, पंप पाणी धरीत नाही आणि एंजिन अगदी मोकळे धावते. यास्तव पंप आधी पाण्याने भरून घेणे श्रेयस्कर.

एंजिन थांबल्यावर कारण शोधताना पुन्हा हँडल मारण्याचा मोह आवरला पाहिजे. धूर कोणता होता, हे प्रथम आठवावे: दाट काळा धूर डिझेलच्या अतिरेकाकडे बोट दाखवितो, निळसर पांढरा वंगणतेलाकडे. नंतर तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी व वास घ्यावा. त्यानंतर पंपाचा रॅक बोटाने सरकवून पाहावा; तो कोठेही न अडखळता, जवळजवळ स्वतःच्या भाराने, सरकला पाहिजे. तो मोकळा असेल, तर गव्हर्नरपर्यंतचे सांधे, खिळी व स्प्रिंग एकेक करून तपासावी.

रॅक अडकलेला आढळल्यास पंप खोलून स्वच्छ डिझेलमध्ये धुवावा. दट्ट्या व नळी ही एकमेकांसाठीच घासून बसविलेली जोडी असते. एका पंपाचा दट्ट्या दुसऱ्यात घालता येत नाही आणि त्यावर पॉलिश कागद फिरविणे म्हणजे ती जोडी बाद करणे होय. गंजाने पृष्ठभाग खाल्ला असेल, तर नवी जोडी घेण्यावाचून इलाज नाही. पंप परत जोडताना रॅकच्या दात्यावरील व चाकावरील खूण जुळली पाहिजे. एका दात्याची चूक झाली तरी बंद स्थितीतही इंधन वाहत राहते. पंप एंजिनावर चढविताना रॅकची खुंटी गव्हर्नरच्या दुबेळक्यात बसली आहे, याची खात्री करावी. ती बाहेर राहिली, तर निर्दोष पंप व निर्दोष गव्हर्नर असूनही एंजिन पहिल्याच हँडलला उधळते. ताज्या दुरुस्तीनंतर घडणाऱ्या अपघातांचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पुन्हा साठवण करावयाची झाल्यास टाकी रिकामी करून तोटी बंद करावी आणि बंद करण्याचा दांडा सुतळीने बंद स्थितीतच बांधून ठेवावा. रॅक अडकायचाच असेल तर तो शून्य इंधनावर अडकतो. असे एंजिन दोन वर्षांनी सुरू होत नाही, एवढेच. आणि मग पंप खोलण्यास पुरेसा वेळ मिळतो.